स्टेशन उतरवलं त्या भाद्रपदात

आयसेलिन गावातल्या देशी दुकानात गणपती मांडले की पसंत पडलेली मूर्ती मी आधी बोटभर उचलते, क्षणभर तशीच धरते आणि पुन्हा जागेवर ठेवते. मग पैसे देते. यंदाही तसंच केलं. गल्ल्यावरचे काका "बेन, संभालके" म्हणाले. माझी लेक ईरा म्हणाली, "आई, व्हाय डू यू ऑल्वेज डू दॅट?"

"वजन बघते गं."

"बट इट्स सो टायनी."

तिचा बाबा, मंदार, मागे दूर्वांच्या जुड्या चाळत उभा होता. तो म्हणाला, "तुझ्या आईने एकदा अख्खं रेल्वे स्टेशन असं उचलून बघितलंय." ईराने माझ्या दंडांकडे एकवार निरखून पाहिलं आणि विषय सोडून दिला.

मला मात्र तो सोडवेना. इथला भाद्रपद म्हणजे सप्टेंबर. सकाळी किंचित गारवा, दुपारी चांगलं ऊन, रस्त्याकडेच्या मेपलची तेवढी टोकं लाल झालेली, दुकानांबाहेर भोपळ्यांचे ढीग आणि आत मखरं. वेस्ट विंडसरच्या घरून निघताना गाडीची काच खाली केली की कापलेल्या गवताचा वास येतो आणि त्यामागून मला दुसराच एक वास येऊ लागतो. तापलेल्या लोखंडाचा, जळणाऱ्या जुन्या रंगाचा, आणि त्यातच कुठल्या तरी स्वयंपाकघरात तळल्या जाणाऱ्या माशांचा. दोन हजार तीन सालचा भाद्रपद मला असाच नाकातून आठवतो.

मी पाडकामाची इंजिनिअर आहे. हे वाक्य मी आता ताठ मानेने म्हणते, पण तेव्हा चाचरत म्हणायचे. सांगलीहून स्थापत्यची पदवी घेऊन पिस्कॅटवेला शिकायला आले, तेव्हा पूल बांधीन असं मनात होतं. नोकरी मिळाली ती जुने पूल, जुन्या गिरण्या, जुने कारखाने नीट उतरवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असताना माणूस काय बांधायचं आणि काय पाडायचं याची चिकित्सा करत नाही. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत कुणी "तू कशात आहेस?" विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा आयटीवाला हमखास म्हणायचा, "यार, भारी आहे, डायनामाइट वगैरे?" मी नाही म्हटलं की त्याचा रस संपायचा.

सांगलीला बाबांची पंचाईत निराळी होती. त्यांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात कालव्यांवरचे पूल बांधले. फोन कार्डाचे नंबर दाबून दाबून रविवारी त्यांच्याशी बोलायचे, तेव्हा ते विचारायचे, "सध्या काय चाललंय कामाचं?"

"एक रेल्वे स्टेशन आहे बाबा."

"वा. बांधताय?"

"पाडतोय."

"पाडायला कशाला लागतो गं इंजिनिअर? आपल्याकडे चार माणसं घण घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत मोकळी होतात."

पण सोसायटीत मात्र ते "मेधा तिकडे रेल्वे स्टेशनांचं काम बघते" असं सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मीही बोलत नसे.

त्या शहराचं नाव मी लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. आमच्या घरून गाडीने जाऊन येण्याच्या अंतरावरचं, नदीकाठचं, एके काळी गिरण्यांवर आणि जहाजांवर जगलेलं शहर. तिथे एका लांबलचक रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या रुळांवरून आगगाडी जायची. तिला सगळे नुसतं 'एल' म्हणत. रस्त्यावर खाली गाड्या, फळवाले, शाळेची पोरं, आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, लोकांच्या बेडरूमच्या खिडक्यांना जवळजवळ चिकटून, आगगाडी. आता रूळ जमिनीखाली गेले होते, नव्या गाड्या भुयारातून धावू लागल्या होत्या, आणि वर उरला होता तो सांगाडा. त्या सांगाड्यातलं शेवटचं स्टेशन आमच्याकडे आलं होतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, असलं स्टेशन पाडायचं म्हणजे पाप आहे. छपराच्या कडेला पत्र्याची नक्षी होती. तिकीटघराच्या खिडकीवर रंगीत काचांची पट्टी होती, तिच्यातल्या निम्म्या काचा फुटून तिथे पुठ्ठे लावलेले. जिन्याचे कठडे इतक्या हातांनी गुळगुळीत केले होते, की रंग नसलेल्या जागी लोखंड चकाकत होतं. तुळयांवर धूळ खरवडली की खाली पांढऱ्या रंगात जुन्या खुणा दिसायच्या, एक अक्षर आणि एक आकडा. ज्यांनी हे स्टेशन उभं केलं त्यांनी कारखान्यातच प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा लिहून ठेवली होती. जोडणाऱ्यांनी त्या क्रमाने तुकडे चढवले. एक जण भट्टीत लालबुंद रिव्हेट तापवायचा आणि चिमट्याने वर भिरकवायचा, दुसरा तो डब्यात झेलायचा, तिसरा भोकात घालून हातोड्याने ठोकून बसवायचा. खाली रस्त्यावर ट्राम आणि घोडागाड्या चालू असायच्या. त्या खुणांवरून हात फिरवताना मला त्या अनोळखी माणसांचा फार अभिमान वाटला. आमचं काम त्यांच्याच क्रमाने, फक्त उलटं चालणार होतं. त्यांनी शेवटी चढवलेला तुकडा आम्ही सगळ्यात आधी उतरवणार होतो.

स्टेशनचा बाकीचा इतिहास मला कुठल्याही कचेरीत मिळाला नाही. तो मला जिन्याखाली मिळाला. तिथे मिस अर्लीन यांचं कपडे शिवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं.

त्या वस्तीत वयाने मोठ्या बाईला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. 'मिस' आधी लागतोच, लग्न झालेलं असो वा नसो. आपण मावशी म्हणतो त्याच मापाचा तो शब्द आहे हे मला दोन दिवसांत कळलं, आणि तो माझ्या तोंडात सहज बसला. मिस अर्लीन साठीच्या पुढच्या होत्या. सावळा गोल चेहरा, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून त्या स्वच्छ बोलू शकत, आणि बोलत. दुकान आधी त्यांच्या आईचं होतं. डोक्यावर फलाट असल्यामुळे आत दिवसभर ट्यूबलाइट, एक काळं शिलाई मशिन, एक नवं, आणि चर्चच्या गायकवृंदाचे जांभळे झगे ओळीने टांगलेले.

"युद्धाच्या काळात माझी आई इथून एल पकडून जहाजं बांधायला जायची," त्या सांगायच्या. "पँट घालून. फलाटावरचे पुरुष बघत राहायचे. ती म्हणायची, बघा, बघून घ्या, तुमची जहाजं मीच जोडतेय."

फलाटावर हिवाळ्यात कोळशाची शेगडी असायची आणि शनिवारी बेसबॉलच्या सामन्याला जाणाऱ्यांच्या पायाखाली शेंगदाण्याच्या टरफलांचा खच पडायचा. सैनिक तिथूनच गेले आणि त्यातले काही तिथेच परत उतरले. मिस अर्लीन यांना त्यांच्या नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेही जिन्याच्या मधल्या वळणावर, कारण वर गाडी आली असती तर ऐकू आलं नसतं. "आणि वरची पायरी," त्या हसून म्हणायच्या, "वरच्या पायरीला जो अडखळला तो परगावचा. आमचं माणूस झोपेतसुद्धा तिथे पाय जास्त उचलतं." मी रोज अडखळत होते. जिन्यावर बसणारी मुलं रोज हसत होती.

इतकी वर्षं गाडी आली की त्या हातातली सुई वर उचलून धरत, गाडी गेली की पुढचा टाका घालत. गाड्या बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते, तरी बोलता बोलता त्यांचा हात मधेच थांबायचा. मग त्या स्वतःशीच मान हलवून कामाला लागत.

या दुकानाचं दार हाच त्या शरदातला सगळा प्रश्न होता.

आमच्या मूळ आराखड्याप्रमाणे स्टेशनचे तुकडे करून खाली रस्त्यावर टाकायचे, तिथे ट्रकमध्ये भरायचे, आणि काम संपेपर्यंत त्या बाजूचा फुटपाथ कुंपण घालून बंद करायचा. सोपी, स्वस्त, नेहमीची पद्धत. चर्चच्या तळघरात वस्तीची सभा भरली तेव्हा आमच्या साहेबांनी हा आराखडा पडद्यावर दाखवला. दुकानं फक्त हा मोसम बंद राहतील, असं ते म्हणाले. लोक चिडले. कुणी स्टेशन वाचवा म्हणालं, कुणी भरपाईचं विचारलं. मिस अर्लीन सगळ्यात शेवटी उठल्या.

"स्टेशन न्या," त्या म्हणाल्या. "ते थकलंय, मला दिसतंय. पण माझं दार नेऊ नका. हा मोसम म्हणजे माझं वर्ष आहे. शाळेचे नाच, शरदातली लग्नं, नाताळचे झगे. मी आता बंद केलं तर वसंतात पुन्हा उघडायला माझ्यात ताकद नाही. हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगतेय."

त्या खाली बसल्या. आवाज चढवला नव्हता, रडल्या नव्हत्या. घरी परतताना टर्नपाइक हायवेवर मला साहेबांपेक्षा स्वतःचाच राग येत होता. बांधणाऱ्यांनी चालू रस्त्यावर, घोड्यांच्या डोक्यावर, कुणाचं दुकान न बुडवता हे उभं केलं, आणि आम्ही क्रेन आणि कॉम्प्युटर घेऊन ते तसं उतरवू शकत नाही? बाबा म्हणतात तेच खरं मग, चार माणसं आणि घण.

मी नवा आराखडा मांडला. दोन खांबांमधल्या भागाला आम्ही गाळा म्हणतो. तुकडे करून खाली टाकायचंच नाही. एकेक अख्खा गाळा सुटा करायचा, पलीकडच्या आडरस्त्यावर उभ्या केलेल्या मोठ्या क्रेनने उचलायचा, आणि रिकाम्या मैदानात नेऊन तिथे हवा तसा कापायचा. फुटपाथवर एक भक्कम मांडव घालायचा, म्हणजे आठवडाभर लोक त्याखालून ये-जा करतील. उचलायचं काम फक्त रविवारी सकाळी, चर्च चालू असताना, रस्ता रिकामा असताना. साहेबांनी बराच वेळ कागद पाहिला. मग म्हणाले, "एक रविवार देतो. एका गाळ्याचा. काही अडलं तर सोमवारी कुंपण."

आमचा मुकादम डेनिस, लाल मानेचा, कमी बोलणारा, लोखंडाच्याच धंद्यात वाढलेला. त्याने माझ्या कागदावर एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

तिथे मी लिहिलं होतं की रिव्हेट कापून झाले की गाळा खांबांवर तसाच बसू द्यायचा, क्रेनने फक्त बोटभर उचलायचा, थांबायचं, वजनाचा काटा वाचायचा, आणि तो माझ्या हिशेबाशी जुळला तरच पुढे न्यायचं. जुळला नाही तर होता तिथेच परत ठेवायचं.

"आम्ही उचलताना बघतोच की काटा," डेनिस म्हणाला. "थांबायचं कशाला? वेळ जातो."

आता याला काय सांगावं? हातात आकडेमोड होती, नियमांची पुस्तकं होती. पण भाद्रपद चालू होता, घरी पितळी ताम्हनात दीड वीत उंचीचा गणपती बसला होता, आणि तोंडून तेच आलं. मी म्हटलं, "आमच्याकडे देवाची मातीची मूर्ती पाण्यात सोडतात. पण एकदम उचलून नेत नाहीत. आधी पूजा करून तिला जागेवरच जराशी हलवतात. तेवढं हलवलं की देव निघाला असं समजायचं. त्यानंतर मूर्ती न्यायची. न हलवता उचलून चालू पडणं हे आमच्यात बसत नाही."

डेनिसने कागदावरचं बोट काढलं. "म्हणजे त्याला सांगायचं, निघायची वेळ झाली."

"हो."

"ठीक आहे," तो म्हणाला. "सांगू या स्टेशनला."

तो रविवार नेमका आमच्या मंडळाच्या विसर्जनाचा होता. इथे बाप्पासुद्धा वीकएंड बघून जातात. मंदार घरचा गणपती घेऊन पिस्कॅटवेला जाणार होता, तिथे एका काकूंच्या मागच्या अंगणात पोरांच्या पोहायच्या रबरी हौदात सगळ्यांचं विसर्जन. मी सकाळी आरती करून, मूर्ती जागेवर हलवून, हातावर दही घेऊन निघाले. दह्याचे हात हेल्मेटच्या पट्ट्याला लागले.

रस्त्यावर दोरीमागे माणसं जमली होती. चर्चला निघालेल्या बायका मोठमोठ्या टोप्या घालून थबकलेल्या. मिस अर्लीन दोरीमागे नव्हत्या, त्या दोन चौक पलीकडे चर्चच्या पायरीवर आपला जांभळा झगा घालून उभ्या होत्या. तिथून त्यांना फक्त क्रेनचं टोक दिसत असणार.

क्रेनने ताण घेतला. साखळ्या ताठ झाल्या. गाळा कुरकुरला आणि बोटभर, खरोखर बोटभर, खांबावरून उठला. डेनिसने मूठ वर केली. सगळं थांबलं.

काट्यावरचं वजन माझ्या हिशेबापेक्षा जास्त होतं. थोडंथोडकं नाही. क्रेनने हात बाहेर फिरवला असता, तर अर्ध्या वाटेत तिला ते पेललं नसतं, आणि ती अर्धी वाट बरोबर दुकानावरून जात होती.

"खाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण डेनिसला आला. गाळा परत आपल्या जागी बसला, धुळीचा एक थर खाली मांडवावर सांडला, बस. कुणाला काही झालं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते आणि सोमवारचं कुंपण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला लाज वाटली असं मी इथे लिहिणार नाही, कारण वाटली नाही. मला वाटलं, आपण थांबलो. आपण थांबायचं ठरवलं होतं आणि थांबलो. हे वजन कुठून आलं तेवढं शोधायचं राहिलं होतं. फलाटाची जाडी मोजायला आम्ही त्याला भोकं पाडून पाहिली होती, सगळी भोकं एकसारखी निघाली होती. विचार करत मी जिना चढले आणि वरच्या पायरीला अडखळले.

अडखळून तशीच उभी राहिले. सगळ्या पायऱ्या सारख्या आणि एकच उंच का असेल? लोखंडाच्या तुकड्यावर त्याचं घर लिहिणारी ती माणसं पायरी चुकवणारी नव्हती. जिना जेव्हा बांधला तेव्हा शेवटची पायरी बाकीच्यांसारखीच असणार. नंतर कधी तरी फलाट वर आला. नव्या गाड्यांच्या दारांशी जुळवायला कुणी तरी जुन्या फलाटावरच दुसरा फलाट ओतला होता. आणि आमची भोकं नेमकी त्या टोकाला होती, जिथे स्टेशन मागाहून लांबवलं होतं, जिथे एकच थर होता.

डेनिसने जिन्याजवळ मशिन लावलं. काँक्रीट निघालं, मग डांबर, मग पोकळी, मग जुन्या फळ्या. पोकळीत हात घालून त्याने जे बाहेर काढलं ते आम्ही दोघं बघत राहिलो. शेंगदाण्याची काळी पडलेली टरफलं आणि मूठभर केसांचे आकडे. फळ्यांच्या फटींतून पडलेले, कुणाकुणाच्या अंबाड्यातले. ज्या बायका पँट घालून जहाजं जोडायला गेल्या, त्यांच्यातल्याही काहींचे असतील. स्टेशनने आपला इतिहास पोटात ठेवला होता, आणि तोच आम्हाला काट्यावर जड लागला होता.

उपाय साधा होता. गाळा मधोमध लांबीत कापायचा आणि दोन खेपांत न्यायचा. हिशेब मी तिथेच, एका खोक्यावर बसून, नव्याने केला. दुपारी पहिला अर्धा बोटभर उठला, थांबला, आणि या वेळी काटा माझ्या आकड्यावर आला. डेनिसने मूठ उघडली. तो अर्धा गाळा नक्षी, कठडा आणि सगळ्यासकट दुकानाच्या छपरावरून सावकाश पलीकडे गेला. चर्च सुटलं होतं. टोप्यावाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मंदारचा फोन आला. मागे मोरयाचा गजर आणि पोरांचा दंगा. "बाप्पा गेले गं. तुझं काय?"

"अर्धं गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे छान गेलं," मी म्हटलं, आणि मला हुंदका फुटला. साहेब सोमवारी कुंपणाचं काहीच बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या रविवारची क्रेन बुक केली.

मग तो शरद नुसता रविवारांचा झाला. दर आठवड्याला पानं थोडी अधिक पिवळी, स्टेशन थोडं अधिक आखूड. मजुरांनी त्या थांबण्याला नावच देऊन टाकलं. डेनिस क्रेनवाल्याला ओरडून सांगायचा, "गिव्ह मी अ गणेश," आणि गाळा बोटभर वर यायचा. नवीन आलेल्या वेल्डरला वाटलं, हा गणेश कुणी जुना इंजिनिअर असेल ज्याने ही पद्धत काढली. मी त्याची समजूत मोडली नाही. आठवडाभर मांडवाखालून माणसं दुकानात येत-जात राहिली. शाळेच्या नाचाला जायच्या मुली, मापं द्यायला आलेले घामट पोरगे, झग्यांचे गठ्ठे उचलणाऱ्या बायका. मिस अर्लीन आम्हाला दर रविवारी चर्चनंतर पाउंड केक पाठवायच्या आणि डब्यावर चिकटपट्टीने नाव लावायच्या, म्हणजे डेनिसने सगळा खाऊ नये.

सांगलीला फोनवर मी बाबांना त्या पहिल्या रविवारची सगळी हकिगत सांगितली. काटा, पायरी, दोन फलाट, बोटभर उचलणं. मग त्यांनी विचारलं, "किती टनाचा फरक आला?" मी सांगितलं. "क्रेनची त्रिज्या किती होती?" तीही सांगितली. पलीकडून पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. "थांबलीस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. नंतर आईकडून कळलं की त्या संध्याकाळी ते सोसायटीच्या बाकावर बसून चार निवृत्त इंजिनिअरांना काडीने मातीत आकृती काढून दाखवत होते, आणि "आमची मेधा पाडकामात आहे" असं मोठ्याने सांगत होते.

बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. फीत कापतात, फोटो निघतात, पन्नास वर्षांनी कुणी तरी नातवाला बोट धरून दाखवतं. पाडणाऱ्याने काम चोख केलं तर दाखवायला काहीच उरत नाही. मागच्या वर्षी मी ईराला त्या रस्त्याने नेलं. मधोमध लहान झाडं लावली आहेत, बाकं आहेत. "व्हेअर इज इट?" तिने विचारलं. मी हवेत, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बोट दाखवलं. तिने प्रामाणिकपणे तिकडे बघितलं आणि मग आइस्क्रीम मागितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या हवेचा प्रत्येक हात मला पाठ आहे. तिथे कुठला खांब होता, कुठल्या तुळईवर कुठलं अक्षर होतं, कुठे एक तरुणी आणि एक तरुण जिन्याच्या वळणावर थांबले होते, हे मला ठाऊक आहे. ज्यांनी ते उभं केलं त्यांच्यानंतर ते स्टेशन तुकड्यातुकड्याने ओळखणारी माणसं आम्हीच. कुणाच्या पायावर वीट न पडू देता, कुणाचं दार बंद न करता आम्ही ते खाली उतरवलं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

शेवटचा गाळा ऑक्टोबर संपता संपता गेला. तो दुकानाच्या थेट डोक्यावरचा होता म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्या दिवशी मिस अर्लीन यांनी चर्च बुडवलं, दुकान उघडं ठेवलं होतं. येत्या शनिवारी एक लग्न होतं आणि नवरीच्या झग्याचं काम राहिलं होतं. शेजारच्या घरात आम्ही त्यांना तात्पुरतं बसवलं, गाळा पार होईपर्यंत थांबा म्हटलं, तर नवरीला आणि झग्याला घेऊन गेल्या आणि "मोकळं" असं डेनिसने सांगितल्याबरोबर सगळं उचलून परत दुकानात.

रस्त्यावर माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. कुणी हॉर्न वाजवत होतं. डेनिसने हेल्मेट काढून मला मान लववली, जे त्याने कधीच केलं नव्हतं. मांडव काढायला सुरुवात झाली होती. मला कधी एकदा मिस अर्लीन यांना भेटते असं झालं होतं. त्या डोळे पुसत असतील, मला जवळ घेतील, आईची आठवण काढतील, असं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. मी धावत जाऊन दारात उभी राहिले.

ट्यूबलाइट बंद होती. नवरी स्टुलावर उभी होती. पांढरा झगा जमिनीपर्यंत. मिस अर्लीन गुडघ्यांवर बसून त्याची कड टाचत होत्या, ओठांत टाचण्या, समोर सुई. मी म्हटलं, "मिस अर्लीन, झालं. सगळं उतरलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. हात चालू होता.

"बेबी, दारातून जरा बाजूला हो," त्या म्हणाल्या. "उजेड अडवतेयस."

मी बाजूला झाले.